दुखण्याचे दिवस आणि टक्क्यांचा दाखला
(संघाच्या वार्षिक अधिवेशनात दिलेले व्याख्यान)



दरवर्षी या व्यासपीठावरून वसतिगृह, शिष्यवृत्ती, हुंडा, व्यसनमुक्ती अशा विषयांवर व्याख्याने होतात आणि ती स्मरणिकेत छापलीही जातात. यंदा कार्यकारी मंडळाने आम्हांस बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा आम्ही सिकलसेल आणि त्याच्या अपंगत्वाचा दाखला हा विषय सुचविला. बैठकीत क्षणभर कोणीच काही बोलले नाही. मग एक वयोवृद्ध सभासद म्हणाले, "विषय चांगला आहे गुरुजी, पण स्मरणिका घरोघर जाते. लग्नाच्या मुली असलेली घरे आहेत आपली." हा आक्षेप आम्ही हसण्यावारी नेलेला नाही. त्याचे उत्तर आम्ही याच व्याख्यानात द्यावयाचे ठरविले आहे, मात्र ते जरा पुढे येईल.

आपल्यापैकी बहुतेकांना या व्याधीचे नाव आता ठाऊक आहे. रक्तातील तांबड्या पेशी वाटोळ्या असाव्यात, त्या प्राणवायू कमी पडताच विळ्यासारख्या वाकतात. आपल्याकडे विळ्यास इळा म्हणतात. धान कापणारा इळा डोळ्यांपुढे आणला म्हणजे आकार कळतो. वाकलेली पेशी ताठर होते, बारीक रक्तवाहिनीत अडकते, आणि तिच्यापुढच्या भागास रक्त पोचत नाही. मग हाडे दुखतात, छाती दुखते, पोट दुखते, आणि त्या वेदनेची कल्पना ज्याने पाहिली त्यासच येते. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. ही वाकडी पेशी दहावीस दिवसांतच फुटते. म्हणून रुग्णाच्या अंगी रक्त नेहमीच कमी, डोळे पुष्कळदा पिवळे. या व्याधीस अशी दोन तोंडे आहेत. रक्ताची कमतरता बारमाही असते. वेदनेचा झटका येतो आणि जातो. आज जो मुलगा अंथरुणात विव्हळतो आहे तो पुढच्या आठवड्यात सायकलवर बसून बाजारात जाताना दिसतो. आमच्या आजच्या बोलण्याचे सारे मूळ या दुसऱ्या तोंडात आहे.

ही व्याधी आपल्या वनप्रदेशात का, याचे उत्तर हिवतापात आहे. ज्याच्या अंगी या दोषाचा एकच अंश आहे, म्हणजे ज्याच्या कार्डावर 'ए-एस' लिहिलेले असते, त्यास प्राणघातक हिवतापापासून पुष्कळ संरक्षण मिळते, हे १९५४ साली अॅलिसन या शास्त्रज्ञाने आफ्रिकेत दाखवून दिले. रानात डासांबरोबर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या लोकांत हा अंश टिकून राहिला, कारण तो असलेली लेकरे अधिक जगली. १९५२ साली निलगिरीच्या आदिवासींत भारतात प्रथम त्याचा शोध लागला. पुढे पुण्याचे डॉ. काटे यांनी महाराष्ट्रभर पाहण्या केल्या. गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर, भंडारा, यवतमाळ आणि नंदुरबार या जिल्ह्यांत पाच हजारांहून अधिक रुग्ण असावेत, असा अंदाज त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली मांडला. माडिया, परधान, भिल्ल, पावरा अशा काही जमातींत वाहकांचे प्रमाण शेकडा वीस ते पस्तीसपर्यंत आढळले. गोंड, हलबा, तेली, कुणबी, बौद्ध, कोणाचेच अंगण त्याने वर्ज्य केलेले नाही. तेव्हा ही कोणा एका ज्ञातीची लाज नव्हे. आपल्या पूर्वजांनी हिवतापाशी केलेल्या झुंजीची ती खूण आहे, आणि तिचे ओझे आता नातवंडांच्या अंगावर आले आहे.

एक गोष्ट ज्ञातिसंस्थेच्या व्यासपीठावरून बोलणे अवघड आहे, तरी बोलतो. आईबाप दोघेही वाहक असतील तर दर गरोदरपणी चारांत एक अपत्य रुग्ण होण्याचा संभव असतो. ज्या समूहात वाहक पुष्कळ आहेत आणि लग्ने त्याच समूहात होतात, तेथे असे जोडपे जमण्याचा संभव वाढतो. आपला वधूवर-परिचय मेळावा आपणच भरवितो. पत्रिकेतील छत्तीस गुण आपण मोजतो. रक्ताच्या एका चाचणीचा कागद मात्र मागावयास संकोचतो. एवढे बोलून हा भाग आम्ही येथे सोडतो, कारण आजचा विषय जन्मलेल्या लेकरांचा आहे.

आता कायद्याकडे येऊ. १९९५ च्या अपंग कायद्यात सात प्रकारचे अपंगत्व मानलेले होते. त्यात रक्ताच्या व्याधी नव्हत्या. २०१६ साली नवा कायदा झाला, तो १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला, आणि त्यात एकवीस प्रकार आले. हिमोफिलिया आणि थॅलेसेमियाच्या जोडीने सिकलसेल त्यात आहे. नागपूरच्या सिकलसेल सोसायटीचे संस्थापक संपत रामटेके यांनी या रुग्णांच्या हक्कांसाठी आयुष्य वेचले. त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली ती २०१८ साली, आणि त्याच वर्षी गडचिरोलीच्या डॉ. अभय व राणी बंग यांनाही तो सन्मान मिळाला, हा योग आम्हांस नेहमी आठवतो.

या कायद्याने सिकलसेलची जी व्याख्या केली आहे ती आम्ही पुनःपुन्हा वाचली. तीत सतत राहणाऱ्या रक्तक्षयाचा उल्लेख आहे, वेदनेच्या प्रसंगांचा उल्लेख आहे, आणि अवयवांची हानी होऊन उद्भवणाऱ्या गुंतागुंतींचाही आहे. म्हणजे ही व्याधी प्रसंगाप्रसंगाने येते, हे कायद्यास ठाऊक आहे. परंतु कायद्याचा लाभ घ्यावयाचा तर एक आकडा लागतो. वैद्यकीय मंडळाने किती टक्के अपंगत्व लिहिले, यावर सारे अवलंबून. चाळीस किंवा अधिक टक्के असेल तर बहुतेक दारे उघडतात; एकोणचाळीस असेल तर बहुतेक बंद. २०२४ च्या सुधारित नियमांप्रमाणे ओळखपत्रावर आता रंगाची पट्टी असते. चाळीसच्या आत पांढरी, चाळीस ते ऐंशीच्या दरम्यान पिवळी, ऐंशी आणि वर निळी. संजय गांधी निराधार अनुदान योजनेतील दिव्यांगांची मासिक रक्कम दीड हजारावरून अडीच हजार रुपये करण्याचा निर्णय राज्य शासनाने २०२५ साली घेतला. तीही चाळीस टक्क्यांच्या उंबरठ्याच्या आतल्यांनाच.

ज्याचा पाय कापला गेला आहे त्याचा पाय सोमवारीही नसतो आणि गुरुवारीही नसतो. मंडळाने त्यास कोणत्याही दिवशी पाहावे, आकडा तोच येईल. टक्क्यांची ही सारी कल्पना मुळात अशा शरीरांवरून बेतलेली आहे. ज्या व्याधीस भरती-ओहोटी आहे तिच्यापुढे हा गज थिटा पडतो. मनोविकारांचे तसेच आहे, मज्जातंतूंच्या काही व्याधींचेही तसेच आहे. पण आपल्या दोन जिल्ह्यांत हा प्रश्न घरोघर भेटतो तो सिकलसेलच्या रूपाने.

आमच्या पाहण्यातील एक गोष्ट सांगतो. वैनगंगेच्या काठच्या एका गावातील आपल्याच एका सभासदाचा मुलगा. वय एकोणीस, पॅटर्न एस-एस. वर्षातून चारपाच वेळा त्यास झटका येतो, त्यातून एकदोनदा भरती करावे लागते, बाकीच्या वेळी घरीच गोळी आणि गरम शेक यांवर भागवितात. अर्ज केला, तारीख मिळाली, तो दिवस नेमका त्याच्या बऱ्या दिवसांपैकी होता. आईने त्यास न्हाऊ घातले, धुतलेला सदरा घातला, डोक्यास तेल लावले. साहेबांपुढे जावयाचे म्हणजे लेकरू नीटनेटके असावे, एवढाच तिचा भोळा विचार. मुलगा आपल्या पायांनी चालत आत गेला, विचारले त्याचे नीट उत्तर दिले, आणि तीस टक्क्यांचा दाखला घेऊन बाहेर आला. नवव्या दिवशी तो रुग्णालयात होता. त्या मंडळातील वैद्यांनी काही अन्याय केला असे आम्ही म्हणणार नाही. त्यांच्यापुढे एक चालता-बोलता मुलगा, एक रक्ताचा अहवाल आणि एकच भरतीचा कागद होता. त्यांनी जे पाहिले ते लिहिले.

त्यानंतर आमच्या हातून जी चूक झाली ती सांगितल्यावाचून हे व्याख्यान प्रामाणिक होणार नाही. तो बाप आमच्याकडे आला आणि आम्ही त्यास सल्ला दिला की पुढच्या वेळी दुखणे अंगात असतानाच मुलास घेऊन जा, म्हणजे त्यांस दिसेल. त्याने आमचा शब्द मानला. पावसाळी दिवस, एस.टी.चा चार तासांचा प्रवास, लघवीस उतरावे लागू नये म्हणून मुलाने सकाळपासून पाणी घेतले नाही. या व्याधीत पाणी कमी पडणे आणि अंग गारठणे ही झटका वाढविण्याची हमखास कारणे आहेत. हे आम्हांस पुस्तकात वाचून ठाऊक होते, पण सल्ला देताना आठवले नाही. मुलगा मंडळाच्या दारापर्यंत पोचलाच नाही. वाटेतच त्यास उतरवून उपचारांस न्यावे लागले. सुदैवाने तो वाचला. तो बाप आजही आम्हांस नमस्कार करतो, आणि त्याने तो केला की आम्हांस खाली पाहावे लागते.

तेव्हापासून आम्ही ठरविले की दुखणे दाखवावयाचे असेल तर लेकरास नव्हे, कागदास प्रवास करू द्यावा. तो कागद कोणता, ते पुढे सांगतो. तत्पूर्वी आमच्या मुलुखातील वेळापत्रकाविषयी दोन शब्द.

शहरातील कारकुनाचे तीस दिवस सारखे असतात. झाडीपट्टीतील मजुराचे दिवस सारखे नसतात. मार्च-एप्रिलात मोह पडतो, तो पहाटे वेचला तर वेचला. मे महिन्यात तेंदूपत्ता. सत्तर पानांचा एक पुडा, असे शेकडो पुडे बांधून फळीवर नेले तर वर्षाचे मीठ-मिरची, शाळेचा खर्च आणि लग्नाकार्याची उचल भागते, आणि तो हंगाम अवघ्या पंधरावीस दिवसांचा. आषाढ-श्रावणात रोवणी, गुडघाभर चिखलात दिवसभर ओणवे. मग दिवाळीच्या सुमारास कापणी. आता या व्याधीचे पंचांग पाहा. उन्हात पाणी आटले की झटका, चिखलात गारठा लागला की झटका, श्रम अति झाले की झटका, हिवताप आला की झटका. म्हणजे काम ज्या दिवसांत असते, दुखणेही नेमके त्याच दिवसांत गाठते. वर्षातून चाळीस दिवस आजारी पडणारा मुलगा कागदावर तीनशे पंचवीस दिवस निरोगी दिसतो. पण त्या चाळिसांत तेंदूचे पंधरा आणि रोवणीचे वीस असतील तर त्याची बहुतेक कमाई त्यांतच गेली. टक्के काढणाऱ्या कोष्टकात शरीर आहे, हंगाम नाही. (मंडईच्या रात्री नाटक पाहावयास उघड्यावर बसून आलेली पोरे दुसऱ्या दिवशी अंथरुणास खिळतात, हेही आम्ही पाहतो. पण झाडीपट्टीच्या माणसास नाटकास जाऊ नको असे सांगणारा वैद्य अजून जन्मावयाचा आहे. घोंगडी घेऊन जा, एवढेच आम्ही सांगतो.)

इतर देशांनी या येण्याजाण्याचा हिशेब कसा केला, हे आम्ही मुद्दाम वाचले. विलायतेत २०१३ पासून अपंगांसाठी जे निर्वाहसाहाय्य आहे, त्यात परीक्षेच्या एका दिवसाऐवजी बारा महिन्यांचा काळ धरतात. त्यांपैकी निम्म्याहून अधिक दिवस एखादी अडचण लागू होत असेल तर ती मानतात. शिवाय माणूस एखादे काम कसेबसे एकदा करतो एवढ्यावर थांबत नाहीत. तेच काम सुरक्षितपणे, पुन्हा पुन्हा आणि वाजवी वेळात करता येते काय, हेही पाहतात. हे तत्त्व आम्हांस फार मोलाचे वाटते. तरी निम्म्या दिवसांची अट सिकलसेलच्या रुग्णास जाचतेच, कारण त्याचे दुखणे दिवसांच्या संख्येने थोडे आणि तीव्रतेने भयंकर असते.

अमेरिकेच्या सामाजिक सुरक्षा खात्याने याहून निराळी वाट काढली आहे. तेथे सिकलसेलसारख्या व्याधींसाठी प्रसंगच मोजतात. बारा महिन्यांत, परस्परांत किमान तीस दिवसांचे अंतर असलेले, टोचून वेदनाशामक द्यावे लागले असे सहा झटके. किंवा त्याच अंतराने प्रत्येकी अठ्ठेचाळीस तासांहून कमी नाहीत अशा तीन भरत्या. किंवा तितक्याच अंतराने तीन वेळा हिमोग्लोबिन सात किंवा त्याखाली. यांपैकी काहीही एक सिद्ध झाले की पुरे. रुग्ण तपासणीच्या दिवशी तेल लावून आला की कण्हत आला, याचा संबंध उरत नाही. आमच्या मते आपल्या देशाने शिकण्यासारखे काही असेल तर ते हे वर्षाचे मोजमाप.

परंतु ती पद्धत उचलून जशीच्या तशी भामरागडास आणून ठेवली तर काय होईल? पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा जगाशी संबंध तुटतो. तेथून जिल्ह्याचे ठिकाण पावणेदोनशे किलोमीटरांच्या आसपास, आणि सिरोंचाची वाट त्याहूनही लांब. झटका आला तर नवरा बायकोस खाटेवर घालून आरोग्य उपकेंद्रापर्यंत नेईल, तेही नदी उतरली तर. न उतरली तर घरीच. जी भरती झालीच नाही तिचा कागद कोठून येणार? ज्याच्या दारी रुग्णालय आहे त्याच्या दुखण्याचा पुरावा तयार होतो, आणि ज्याच्या दारी नाही त्याचे दुखणे कागदावर उमटतच नाही. म्हणून जितके गाव दूर तितका रुग्ण 'सौम्य', असा उफराटा न्याय होतो. हेमलकशासारखा दवाखाना, जो १९७३ पासून त्या रानात उभा आहे, तो जवळ असेल त्यांची गोष्ट थोडी निराळी. पण असे दवाखाने किती!

दुसरी विसंगती मुदतीची. ही व्याधी जन्माबरोबर येते आणि जन्मभर राहते, पण तिचा दाखला तात्पुरता असतो. आधी ही मुदत एका वर्षाची होती. ओरड झाल्यावर ती तीन वर्षे करण्यात आली. दर खेपेस पुन्हा अर्ज, पुन्हा तारीख, पुन्हा तोच प्रवास. या ठिकाणी मात्र आम्ही दोन्ही बाजू पाहतो. हायड्रॉक्सीयुरिया या औषधाने झटक्यांची संख्या कमी होते; नागपूरच्या डॉ. दीप्ती जैन यांनी आपल्याच भागातील रुग्णांवर अभ्यास करून अल्प मात्रेतही त्याचा गुण येतो हे २०१२ साली दाखविले आहे. औषधाने माणूस सुधारत असेल तर पुन्हा पाहणी करण्यात गैर काही नाही. पण सुधारला म्हणून टक्के घटले, टक्के घटले म्हणून अनुदान थांबले, अनुदान थांबले म्हणून दरमहा औषध आणावयास जाण्याचे भाडे व बुडालेली मजुरी परवडेना, आणि औषध सुटल्यावर झटके परत आले, असे हे रहाटगाडगे होऊ नये. औषधावर बरा असलेला माणूस बरा झालेला नसतो. ही गोष्ट दाखला देणाऱ्यांनी ध्यानी घेतली पाहिजे, आणि अर्ज लिहिणाऱ्यांनी ती अर्जात स्पष्ट मांडली पाहिजे.

कोणी विचारील की इतकी मोजमापे तरी कशाला, मागेल त्यास द्यावे. आम्ही त्या मताचे नाही. २०२४ साली बनावट अपंगत्व प्रमाणपत्रांची प्रकरणे महाराष्ट्रात किती गाजली, हे आपण वृत्तपत्रांत वाचलेच आहे. चोरट्यांमुळे चौकी कडक होते, आणि कडक चौकीत अडकतो तो खरा वाटसरू. म्हणून आमची मागणी सूट मिळावी अशी नाही. योग्य गजाने मोजावे एवढीच आहे. जेथे टक्के लागत नाहीत तेथे काम कसे सरळ होते, हेही पाहा. एस.टी. महामंडळ सिकलसेलच्या रुग्णास सवलत देते, रेल्वे उपचारासाठी जाणाऱ्यास देते. तेथे प्रश्न एवढाच की व्याधी आहे की नाही. रक्ताच्या चाचणीने तो निर्विवाद सुटतो.

कायद्यातील एक पोकळी मात्र आपल्या सुशिक्षित तरुणांनी जाणून घ्यावी. उच्च शिक्षणातील पाच टक्के राखीव जागांस सिकलसेलचा रुग्ण चाळीस टक्क्यांच्या दाखल्यावर पात्र ठरतो. पण सरकारी नोकरीतील चार टक्के राखीव जागा ज्या प्रकारांत वाटल्या आहेत त्यांत रक्ताच्या व्याधींचे नाव नाही. म्हणजे महाविद्यालयात शिरताना जो दिव्यांग होता तो पदवी घेऊन नोकरीच्या दारात आला की दिव्यांग उरत नाही. रक्त तर तेच असते. यासंबंधी आपल्या संघाने इतर ज्ञातिसंघांच्या आणि रुग्णांच्या संघटनांच्या बरोबरीने निवेदन करावे, असा ठराव आम्ही उद्याच्या खुल्या सभेत मांडणार आहोत. या बाबतीत प्रत्येक ज्ञातीने आपली चूल वेगळी मांडण्यात काही अर्थ नाही.

आता त्या वयोवृद्ध सभासदांच्या आक्षेपाकडे वळतो. त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. आपल्यात अशी घरे आहेत की ज्यांनी मुलाचा दाखला काढला आणि मुलीचा काढला नाही. दोघेही रुग्ण, मुलगा निवृत्तिवेतन घेतो, आणि मुलगी लपून औषध घेते. तिचे दुखणे 'पाळीचे' म्हणून सांगितले जाते, 'उन्हाचे' म्हणून सांगितले जाते. परीक्षेच्या वेळी तिला अधिक वेळ मिळू शकला असता, तो तिने मागितला नाही, कारण मागितला तर वर्गास कळेल. मग तिचे लग्न होते, सासरी रोवणीच्या दिवसांत ती पडते, आणि 'कामचुकार सून' अशी तिची ख्याती होते. बाळंतपण हा या व्याधीत जिवावरचा प्रसंग असतो. त्या वेळी डॉक्टरांस आधीच ठाऊक असणे आणि ऐन वेळी कळणे यांत जीव आणि मरण यांचे अंतर असू शकते. आम्ही त्या वडीलधाऱ्यांस एवढेच विचारले की मुलीचे लग्न जमावे म्हणून आपण ही गोष्ट झाकतो, पण लग्न झाल्यावर तिने काय करावे, हे आपण तिला सांगितले आहे काय? ते काही बोलले नाहीत. बैठक संपल्यावर मात्र ते आम्हांस बाजूस घेऊन म्हणाले, "आमच्या नातीचाही कागद करून घ्यावयाचा आहे. केव्हा येऊ?" हे येथे सांगण्यास त्यांनी परवानगी दिली आहे, नाव सांगण्यास दिलेली नाही, आणि त्याची गरजही नाही.

शेवटी त्या कागदाविषयी, ज्याचा उल्लेख मघाशी केला. संघाने यंदा एक लहान वही छापून घेतली आहे. तिला आम्ही 'दुखण्याची वही' असे साधे नाव दिले आहे. प्रत्येक पानावर तारीख, दुखणे कोठे होते, किती दिवस राहिले, काय औषध घेतले, कोणते काम बुडाले, एवढेच रकाने आहेत. घरात लिहिता येणारे एक तरी लेकरू असतेच, त्याने लिहावे. आशाताई किंवा उपकेंद्रातील नर्सबाई घरी येऊन गेल्या तर त्यांची सही त्याच ओळीत घ्यावी. न मिळाली तरी ओळ कोरी सोडू नये. वहीच्या मागे एक खिसा आहे, त्यात बाह्यरुग्ण विभागाच्या चिठ्ठ्या, भरतीतून सुटताना मिळणारे कार्ड, रक्त चढविल्याच्या नोंदी ठेवाव्यात. पुष्कळ घरी हे कागद देव्हाऱ्यामागे, पेटीत, छपराच्या वाशात खोचलेले असतात आणि पावसात भिजून जातात. मुख्याध्यापकांकडून शाळेच्या हजेरीचा उतारा घ्यावा. वर्षभराच्या गैरहजेरीचे दिवस वहीतील तारखांशी जुळले तर त्यापरता बोलका पुरावा नाही. रोजगार हमीच्या हजेरीपटाचेही तसेच. मंडळ हे सारे मानीलच अशी हमी आम्ही देत नाही. पण मंडळापुढे एका दिवसाच्या माणसाऐवजी बारा महिन्यांचा माणूस उभा करण्याचा दुसरा उपाय आम्हांस सुचला नाही. आणि निर्णय पटला नाही तर ठरलेल्या मुदतीत अपील करता येते, हे कायद्यातच आहे. आपली माणसे दाखला हातात पडला की तो दैवाचा लेख समजून घरी परततात.

वैनगंगेकाठच्या त्या मुलाने अशी वही चौदा महिने लिहिली. आईने या वेळीही त्यास तेल लावून, धुतलेला सदरा घालूनच पाठविले. अशा त्रेपन्न ओळी भरलेली ती वही मंडळातील एका डॉक्टरांनी उभ्याउभ्या पूर्ण वाचली आणि झेरॉक्स काढून फायलीस लावली, असे तो सांगतो. त्याचा निकाल अजून यावयाचा आहे.

वह्या सभागृहाच्या दाराशी, नोंदणीच्या टेबलावर ठेवल्या आहेत. किंमत नाही. ज्यांस टेबलाशी थांबून मागावयास संकोच वाटत असेल त्यांच्यासाठी एक गठ्ठा जेवणाच्या मांडवात पाण्याच्या टाकीजवळ ठेवला आहे. तेथे कोणी नोंद करीत नाही. ज्यांना अर्ज भरून हवा असेल त्यांनी उद्या सकाळी नऊ वाजता वसतिगृहाच्या वरच्या खोलीत यावे, आम्ही तेथे आहोत. लेकरास बरोबर आणण्याची गरज नाही.